'२००१: अ स्पेस ओडिसी' : संथ की नुसताच लांबलेला? आणि आपल्याकडे दाखवायचा झाला तर कसा?

तापीकाठ (धागाकर्ता)

जळगावात हिवाळ्यात विज्ञानपटांचं छोटं सत्र घ्यायचं घाटतंय. पहिला चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली क्यूब्रिकचा '२००१' ठेवायचा का, यावर गाडी अडली आहे. निम्मे म्हणतात याशिवाय सुरुवातच होऊ शकत नाही. निम्मे म्हणतात याने सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्रपट संथ आहे, पण ती संथ गती मोठ्या पडद्यासाठी मोजून ठेवलेली आहे. मोबाईलवर बघून 'रटाळ' म्हणणाऱ्यांचा निकाल मी धरत नाही.

वाद घालण्याआधी एवढं पक्कं असू द्या. पहिला संवाद साधारण २५व्या मिनिटाला येतो आणि शेवटची वीसेक मिनिटं पुन्हा बोलणं नाही. एप्रिल १९६८च्या पहिल्या खेळांनंतर क्यूब्रिकने स्वतः सुमारे १९ मिनिटं कापली. अंतराळवीर फ्रँक पूल यानाबाहेर जायची तयारी करतो तो पूर्ण भागही त्यातच गेला. तेव्हा 'दिग्दर्शकाचा कात्रीवर हात चालत नव्हता' हे म्हणणं टिकणार नाही. जे उरलंय ते ठरवून ठेवलंय. ते चुकीचं ठरवलं असेल तर दाखवून द्या.

भरीतपार्टी

"भो, पिच्चर देखा पन डोकामा काही उतरनं नही," असं म्हणणाऱ्याला तुम्ही पडद्याची रुंदी सांगणार का?

माझा आक्षेप सुरुवातीच्या माकडांवर नाही. तो भाग चोख आहे. तहान, पाणवठ्यावरची भांडणं, बिबट्या, हाड, एकही शब्द न बोलता सगळं कळतं. माझा आक्षेप हाड वर फेकल्यापासून 'डिस्कव्हरी' यान दिसेपर्यंतच्या मधल्या अर्ध्या तासावर आहे. डॉ. फ्लॉइड विमानासारख्या यानात झोपतो, स्थानकावर उतरतो, मुलीला फोन करतो, रशियनांशी गोडगोड बोलतो, पुन्हा यान, पुन्हा जेवण, मग बैठक, मग बसमध्ये सँडविच. खरी गोष्ट म्हणजे हॅल, यानाचा बोलणारा संगणक. तो यायला जवळजवळ तास जातो. वॉल्ट्झच्या तालावर यान स्थानकाला जुळतं हे दोन मिनिटांत कळतं, पुढची मिनिटं कशासाठी?

चाळीसगाव_लाईन

त्या मिनिटांमागे कॅमेऱ्याची अडचण आहे, ती आधी बघा.

'डिस्कव्हरी'चं मुख्य मॉडेल ५४ फूट लांब होतं. अवकाशात हवा नाही, त्यामुळे लांबची वस्तू धूसर होत नाही, नाकापासून शेपटीपर्यंत सगळं काटेकोर स्पष्ट दिसायला हवं. त्यासाठी लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. छिद्र बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून प्रत्येक फ्रेमला काही सेकंदांचं एक्स्पोजर. चार सेकंद धरा. पडद्यावरच्या ५ सेकंदांसाठी १२० फ्रेम, म्हणजे ८ मिनिटं कॅमेरा रुळावर मुंगीपेक्षा हळू सरकतोय. हे झालं एका फेरीचं. खिडक्यांमधून हलणारी माणसं दिसतात ती दुसऱ्या फेरीत, त्याच निगेटिव्हवर, फिल्म मागे नेऊन. दुसऱ्या फेरीत कॅमेरा केसाइतका जरी इकडेतिकडे झाला तरी माणसं खिडकीबाहेर तरंगतात आणि सगळं काम वाया. संगणक नव्हता, सगळा भार गिअरवर आणि स्क्रूवर.

आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. छोट्या वस्तू, एका बाजूने कडक उजेड, आणि बघणाऱ्याला आकाराचा अंदाजच लागू द्यायचा नाही. मूस यांचं चित्र स्थिर होतं. इथे तेच सेकंदाला २४ वेळा करायचं होतं.

रावेरची_केळी

चाळीसगावभाऊंनी एक्स्पोजरचं सांगितलं, पण गती कमी ठेवण्याचं मोठं कारण थरथर आहे. सेकंदाला २४ फ्रेम असताना चमकदार वस्तू काळ्या पार्श्वभूमीवर भरभर हलवली तर ती सरकत नाही, उड्या मारते. म्हणून छायाचित्रणातला जुना आडाखा असा की वस्तूने पडदा ओलांडायला साधारण ७ सेकंद घ्यावेत.

आता हिशेब बघा. ६ मीटर रुंद पडदा, तुम्ही ५ मीटरवर बसलात, तर पडदा डोळ्यापुढे सुमारे ६२ अंश व्यापतो. मोबाईल आडवा धरला, १४ सेंटिमीटर रुंद, डोळ्यापासून ३५ सेंटिमीटरवर, तर जेमतेम २३ अंश. यानाने पडदा ७ सेकंदांत ओलांडला तर सभागृहात ते सेकंदाला जवळपास ९ अंश सरकतं. मोबाईलवर तोच शॉट सेकंदाला ३ अंशांवर येतो. म्हणजे मोबाईलवाल्याला यान तिपटीने मंद दिसतंय. त्याला सभागृहाइतकी गती जाणवायची तर तेच यान अडीच-तीन सेकंदांत पार व्हायला हवं होतं.

हा चित्रपट ७० मिलिमीटरवर काढला आणि सिनेरामाच्या वळणदार पडद्यांवर दाखवला. १९६८ची गती त्या अंशांवर ठरली. भरीतभाऊ, तुम्ही कशावर पाहिला ते विचारत नाही, पण उत्तर त्यात असू शकतं.

भरीतपार्टी

हिशेब मान्य. यानांपुरता. बैठकीत यान नाही. फ्लॉइड टेबलाशी उभा राहून 'गोपनीयता राखा' सांगतो, त्याला कुठले अंश लावणार?

सातपुड्याची_लेक

बैठकीचा बचाव मी करते, भरीतदादा. ती पोकळ आहे आणि ती तशीच हवी होती. फ्लॉइड कामाचं काही सांगत नाही, बाकीचे कामाचं काही विचारत नाहीत, शेवटी सगळे एकमेकांचे आभार मानतात. सरकारी बैठकीत बसलेल्याला हे ओळखीचं आहे. चित्रपटातली माणसं अशी गुळगुळीत बोलतात आणि मग हॅल येतो. शंका विचारतो, कौतुक करतो, शेवटी 'मला भीती वाटते' म्हणतो. माणसांचं बोलणं आधी इतकं कोरडं केलं नसतं तर यंत्राचं बोलणं अंगावर आलं नसतं.

पण तुमचा अर्धा मुद्दा मला पटतो. बसमधलं सँडविच आणि तो फोटो बघण्याचा प्रसंग बैठकीतलंच पुन्हा सांगतो. दोन्हींपैकी एक पुरला असता.

गतीबद्दल बोलायचं तर लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ते सांगते. आधी दुसरा अंतराळवीर बोमन यानाबाहेर जातो तेव्हा श्वासाचा आवाज, गोल पॉड (छोटं उपयान), अँटेनापर्यंतचं तरंगणं, सगळं सविस्तर. मध्यंतरानंतर पूल जातो तेव्हा तेच, थोडं आखडून. प्रेक्षकाला वाटतं, हे पाहिलंय. तेवढ्यात पॉड वळतो आणि हॅलच्या लाल डोळ्यावर झपाझप कट येतात, दर कटला डोळा जवळ. इतका वेळ कॅमेरा असा कधी वागलेला नसतो. आणि मग आवाज बंद. पूलचा श्वासही नाही. पहिली फेरी सावकाश दाखवली नसती तर हे तीन-चार कट नुसते कट राहिले असते.

झोपवलेल्या तिघांचा मृत्यूही बघा. रक्त नाही, किंकाळी नाही, पडद्यावर रेषा सपाट होतात आणि अक्षरं येतात. 'जीवनक्रिया संपल्या' हे यंत्र एखाद्या पावतीसारखं छापतं. हा भाग कुठल्या मापाने संथ आहे?

गुरुत्वमध्य

सगळे गतीवर बोलताहेत, मी भौतिकीवर येतो. गतीचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

पूल ज्या चाकात धावतो तो सेट खरोखर बांधलेला होता. ३८ फूट व्यास, व्हिकर्स-आर्मस्ट्राँगने बनवलेला, ताशी साधारण ३ मैल वेगाने फिरणारा. नट तळाशी धावत राहतो आणि सेट त्याच्याखालून फिरतो. युक्ती लाजवाब, पण आकडे लावा. त्रिज्या ५.८ मीटर. चंद्राइतकं गुरुत्व हवं असेल तर मिनिटाला ५ फेरे. पृथ्वीइतकं हवं तर १२च्या वर, आणि तेवढ्या फेऱ्यांत मान वळवली की पोट ढवळणार. तेव्हा चंद्राइतकंच धरू. मग कडेचा वेग सेकंदाला ३ मीटर, ताशी ११ किलोमीटर.

आता पूल ताशी ३ मैलांनी म्हणजे सेकंदाला सुमारे १.३ मीटरने धावतो. फिरण्याच्या दिशेने धावला तर त्याचं वजन दुप्पट होतं. उलट दिशेने धावला तर एक तृतीयांशावर येतं, आणि वेग ताशी ११ किलोमीटरपर्यंत नेला तर पाय जमिनीवरून सुटून तो तरंगू लागेल. उभं राहिलं तरी डोक्याला पायाच्या ७० टक्केच गुरुत्व. पडद्यावर यातलं काही नाही, तो मैदानावर धावल्यासारखा धावतो. मोठं स्थानक मात्र बरोबर आहे. ३०० मीटर व्यास धरला तर चंद्राच्या गुरुत्वासाठी मिनिटाला एक फेरा पुरतो. ते पडद्यावर सावकाश फिरतं ते नखरा म्हणून नाही, भरभर फिरलं असतं तर आतली माणसं भिंतीला चिकटली असती.

बाकीच्या चुकाही नोंदवून ठेवतो, चर्चेत कुणीतरी काढणारच:

चंद्रयानात फ्लॉइड नळीने पितो आणि द्रव नळीतून खाली परत जातो. वजनरहित अवस्थेत त्याला खाली ओढणारं काही नाही.

चंद्रावरच्या बैठकीत सगळे पृथ्वीसारखे चालतात. एक षष्ठांश गुरुत्वात असं चालता येत नाही.

चंद्राचे डोंगर टोकदार आहेत. अपोलोच्या छायाचित्रांत ते गोलसर निघाले, पण चित्रपट माणूस उतरण्याआधीचा, तेव्हा हे माफ.

'डिस्कव्हरी'ला अणुइंजिनाची उष्णता बाहेर टाकायला पंखासारखे मोठे पत्रे (रेडिएटर) हवेत. ते आधीच्या आराखड्यात होते. प्रेक्षकाला ते विमानाचे पंख वाटतील म्हणून काढले.

बोमन हेल्मेटशिवाय निर्वातातून उडी मारताना श्वास कोंडून धरतो. हे करू नये. बाहेरचा दाब गेला की कोंडलेली हवा फुगून फुप्फुस फाडते, श्वास सोडूनच उडी मारायची. त्याला लागणारा वेळ मात्र बरोबर आहे. निर्वातात माणूस साधारण १० ते १५ सेकंद शुद्धीवर राहतो.

आणि जमेची बाजू. चित्रपटातल्या बीबीसीच्या मुलाखतीत निवेदक सांगतो की यान ८ कोटी मैलांवर आहे आणि संदेश पोचायला ७ मिनिटं लागली, तो वेळ आम्ही कापलाय. प्रकाशाच्या वेगाने भागाकार करा, ७ मिनिटं १० सेकंद येतात. चित्रपट स्वतःच सांगतोय की खरा प्रवास याहून किती संथ आहे आणि आम्ही किती कापलं.

नंदुरबारी

बुद्धिबळाचं राहिलं. हॅल आणि पूलचा डाव १९१०च्या हॅम्बुर्गमधल्या खऱ्या डावावरून घेतला आहे. हॅल मात सांगताना वजिराची जागा सांगतो 'बिशप तीन'. जुन्या वर्णनपद्धतीत काळ्याच्या बाजूने मोजलं तर ते 'बिशप सहा' हवं. पूल विचार न करता डाव सोडतो. क्यूब्रिक स्वतः पट्टीचा बुद्धिबळपटू होता, त्यामुळे हे अनवधान की हॅलच्या बिघाडाची पहिली खूण यावर अजून भांडणं चालतात. मी खूण मानतो. एई-३५ हा अँटेनाचा भाग ७२ तासांत निकामी होईल असं हॅल सांगतो त्याच्या आधी हा डाव येतो. घाईने बघणाऱ्याच्या हातून हे निसटतं.

तापीकाठ

उत्तम. भौतिकीचा एक कागद करून दारात ठेवता येईल. आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायच्या मठाची नोंद आहे, तेव्हा त्रिज्या आणि वेगाचं गणित खान्देशच्या प्रेक्षकाला जड जाईल असं कुणी म्हणू नका.

आता प्रत्यक्ष दाखवण्याकडे वळू. उघड्यावर की सभागृहात? रावेरभाऊ, तुम्ही सांगा.

रावेरची_केळी

उघड्यावर नको. कारण घड्याळाचं आहे. उन्हाळ्यात ठेवलं असतं तर मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातला मावळतो, नीट काळोख व्हायला सव्वाआठ. चित्रपट सुरुवातीच्या आणि मध्यंतराच्या संगीतासकट १४९ मिनिटं, वर १५ मिनिटं मध्यंतर. म्हणजे ११ वाजणार. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि नेमका सगळ्यांत मोठा आवाज शेवटच्या अर्ध्या तासात आहे. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास जातो, पावणेसातला सुरू केला तर साडेनऊला सुटतो. तरी वाऱ्याने पडदा हलला की तारे हलतात. बंद सभागृहच बरं.

सभागृहात बघायचं ते असं. चित्राचं प्रमाण २.२० ला १ आहे. ३ मीटर रुंदी घेतलीत तर उंची १ मीटर ३६ सेंटिमीटर. पडदा भरावा म्हणून कुणी प्रोजेक्टरवर 'झूम' दाबतं, तेव्हा दोन्ही कडा जातात. स्थानकाच्या त्या लांब खोलीतल्या लाल खुर्च्या कापल्या गेल्या तर शॉटच संपला. १.५ थ्रो रेशोचा (अंतर भागिले रुंदी) प्रोजेक्टर ३ मीटर रुंदीला साडेचार मीटर मागे लागतो. तिरका ठेवून 'कीस्टोन'ने सरळ करू नका, सरळ रेषा दातेरी होतात आणि या चित्रपटात सरळ रेषांशिवाय दुसरं काय आहे.

काळा रंग हा खरा शत्रू. ल्युमेन वाढवून काळं काळं होत नाही, खिडक्या झाकून होतं. पातळ पडदे पुरत नाहीत, काळं जाड कापड दुहेरी टाका आणि पडद्यासमोरची पहिली ट्यूब आधीच काढून ठेवा. बाहेर पडायच्या दारावरचा दिवा मात्र झाकायचा नाही.

आवाजाचं. सुरुवातीचा सूर्योदयाचा खर्ज तीसेक हर्ट्झचा आहे. सभागृहाचे भिंतीवरचे उभे स्पीकर तिथपर्यंत पोचत नाहीत, नुसती फरफर येते. १५ इंची सबवूफर एक तरी भाड्याने आणा, आणि आदल्या दिवशी वाजवून बघा. वर पत्र्याचं छप्पर असेल तर त्या खर्जाने पत्रे वाजतात, मग लोक वर बघतात.

प्रत कुठली हेही बघा. जुन्या 'पाल' (पूर्वीची टीव्ही-पद्धत) डीव्हीडीवर २४ची फिल्म २५ने चालते. १४९ मिनिटांचा चित्रपट १४३ मिनिटांत संपतो आणि संगीत जवळपास पाऊण अर्धस्वर चढं लागतं...

नंदुरबारी

भाऊ, पेटीच्या भाषेत सांगा. पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळ्या पट्टीकडे पाऊण वाट.

रावेरची_केळी

हो, तेच. ब्ल्यू-रे घ्या आणि हक्कधारकाची सार्वजनिक खेळाची परवानगी लेखी घ्या. घरी बघायला घेतलेल्या तबकडीवर सभागृहातला खेळ बसत नाही, तिकीट नसलं तरी.

घरी टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी इतकंच. ५५ इंची टीव्हीवर चित्र १२१ सेंटिमीटर रुंद येतं, दोन मीटरच्या आत बसा. टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' (मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. ते चालू असलं की मॉडेलं खेळण्यासारखी दिसतात आणि चाळीसगावभाऊंनी सांगितलेली सगळी मेहनत पाण्यात.

सातपुड्याची_लेक

सबटायटलांबद्दल. संवाद कमी असल्याने मराठी करायला हा चित्रपट सोपा आहे, पहिल्या २५ मिनिटांत तर कामच नाही. दोन ओळींच्या वर जाऊ नका, एका ओळीत पस्तीसेक अक्षरं. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतील. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून चालवलं तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. लॅपटॉपवरून चालवा. अक्षरं खालच्या काळ्या पट्टीत बसवा, चित्रावर नको.

सुरुवातीला जवळपास तीन मिनिटं काळा पडदा आणि संगीतकार लिगेटीचं संगीत आहे. दर ठिकाणी होतं तेच होणार. कुणीतरी 'लाईट गेली का' विचारणार आणि चालवणारा घाबरून पुढे ढकलणार. चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवा. या तीन मिनिटांत दिवे हळूहळू मंद करत न्यायचे, सिंहाची खूण दिसेपर्यंत पूर्ण अंधार.

मध्यंतर आपल्या सोयीने नको. ते चित्रपटातच आहे, साधारण दीड तासाने, पॉडमध्ये बोलणाऱ्या दोघांचे ओठ हॅल वाचतो तिथे. याहून चांगली जागा हिंदी पटकथाकारालाही सापडली नसती. संगीत पुन्हा सुरू झालं की दिवे अर्धे करा. चहाचे कप आत येऊ देऊ नका. परत आल्यावर लगेच पूलचा श्वास आहे, कागदी कपाची चुरचुर तिथे मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

भरीतपार्टी

मध्यंतराची जागा मान्य, श्वासाचा भाग मान्य, अंशांचा हिशेबही मान्य. तरी पहिल्याच दिवशी हा नको. दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी असं काही दाखवा ज्यात गोष्ट दहा मिनिटांत सुरू होते, मग लोकांना सांगता येईल की उद्याचा वेगळा आहे. आणि शेवटच्या खोलीचा अर्थ कुणी आधी सांगत बसू नका. चित्रपटाच्या आधीची वीस मिनिटांची भाषणं ही आपल्याकडची खरी संथ गती.

तापीकाठ

दुसरा दिवस चालेल. प्रास्ताविक तीन मिनिटं, तेही काळा पडदा सुरू व्हायच्या आधी. रावेरभाऊ, सबवूफर आणि काळ्या कापडाचा अंदाजे खर्च टाका, आणि सभागृहाचे पत्रे आहेत की स्लॅब ते मी उद्या बघून सांगतो.

भरीतपार्टी

चालेल भो. बसमधलं सँडविच तरीही कापलं असतं तर बरं झालं असतं.